हौद्यावरचे ओरखडे

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सांगलीच्या घरासमोर एक जुनी फार्गो पिकअप येऊन उभी राहिली. उभी राहिली असे आपले म्हणायचे; आली ती दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून. कोरेगावला माझ्या मामांच्या वाड्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती पंचवीसेक वर्षे पडून होती. मामा गेले, वाड्याच्या वाटण्या झाल्या, तांब्या-पितळेची भांडी, कपाटे, झोपाळा यांना धनी मिळाले. ही गाडी तेवढी कोणालाच नको होती. माझ्या नातवाने ती मागून घेतली. मुलीचा मुलगा. विश्रामबागेतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तो तेव्हा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. कराड, पेठ नाका, आष्टा असा मुक्काम करीत गाडी दारात आली, गल्लीतली पोरे तिच्याभोवती जमली, आणि मी मात्र एकदम सहा-सात वर्षांचा झालो.

मामांचा धान्याचा व्यापार. कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि बटाटा या गाडीतून साताऱ्याला आणि सातारा रोड स्टेशनवर जायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचेमंडळी हौद्यात, पोत्यांच्या थप्पीवर बसून जायचो. मामांचा त्या हौद्यावर फार जीव. पोते ओढायचे नाही, उचलूनच ठेवायचे, असा दंडक. मागचा फाळका कोणी आपटला तर त्या हमालाची खैर नसे. पुढे त्यांनी कुठूनसा जाड रबरी पट्टा पैदा केला आणि हौद्याच्या तळाला खिळ्यांनी ठोकून टाकला. पट्टा थोडा अपुरा पडला, म्हणून फाळक्याकडचा हातभर भाग उघडाच राहिला. बाकीच्या हौद्याला आता ओरखड्याची भीती नाही, म्हणून मामा निश्चिंत झाले.

नातवाने आणि एका ओळखीच्या मिस्त्रींनी तो पट्टा उपसला तेव्हा मी शेजारीच खुर्ची टाकून बसलो होतो. खिळे निघाले, रबर उचलले, आणि कुबट वास सुटला. खालच्या सागवानी फळ्या बोटाने टोकरता येतील इतक्या कुजल्या होत्या. त्यांना तोलणाऱ्या लोखंडी चॅनेलींचे पापुद्रे हातात येत होते. वर्षानुवर्षे पावसाचे पाणी खिळ्यांच्या भोकांतून खाली उतरले होते आणि रबराने ते वाळू दिले नव्हते. उघड्या राहिलेल्या त्या हातभर भागात मात्र वेगळेच दृश्य होते. तिथे पोती घासली होती, पहारी आदळल्या होती, ओरखड्यांची नुसती जाळी झाली होती. पण फळी शाबूत होती. मिस्त्रींनी तिच्यावर हातोडी मारून पाहिली. खणखणीत आवाज आला.

नातू गप्प झाला. आठवडाभर त्याच्या डोक्यात एकच विषय होता: हौद्याला ओरखड्यांपासून कसे वाचवायचे. हल्ली पॉलियुरेथेनचा एक जाड लेप फवारून मिळतो, तो एकदा चढवला की जन्मभर बघायला नको, असे त्याचे मत. आता हे पाहिल्यावर तो माझ्याकडे वळला आणि आजोबा, तुम्ही काय कराल, असे विचारू लागला. मी उभा जन्म बँकेत काढलेला माणूस. गाड्यांना कर्जे दिली, पण गाडीखाली कधी वाकलो नाही. तरी मी त्याला उलट विचारले, ही गाडी केली कोणी? अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने, तो म्हणाला. मी त्याला बॉनेटखालची पत्र्याची पट्टी पुसायला लावली. तिच्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्स हे नाव आणि मुंबईचा पत्ता निघाला. मग मी त्याच्या टी शर्टकडे बोट केले. छातीवर त्याच्या कॉलेजचे नाव होते: वालचंद. ज्याचे नाव तू चार वर्षे छातीवर वागवतो आहेस, त्याच गृहस्थाने हा कारखाना काढला, असे सांगितल्यावर त्याला ते खरे वाटेना. कोणी देणगीदार असावेत, एवढीच त्याची समजूत. त्याच्या वयाचा असताना माझीही त्याहून वेगळी नव्हती.

पुढचे काही दिवस संध्याकाळी गाडी सोलवटली जात होती आणि मी त्याला वालचंद हिराचंदांची गोष्ट सांगत होतो. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे गुजरातेतल्या वांकानेरचे, दिगंबर जैन, सोलापुरात स्थिरावलेले. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. सावकाराच्या पेढीवर मुलाला पहिला धडा मिळतो तो असलेले राखण्याचा: तारण पाहून घ्यावे, व्याज मोजून घ्यावे, बुडेल तिथे हात घालू नये. वालचंद मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकले. पण त्यांचे मन ना पुस्तकात रमले ना पेढीवर. त्यांना काहीतरी उभे करायचे होते. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेतले माजी कारकून त्यांना भेटले. फाटकांना कंत्राटांची आतली माहिती होती; वालचंदांपाशी पैसा उभा करण्याची ऐपत आणि छाती होती. सोलापूरचा जैन सावकारपुत्र आणि मराठी ब्राह्मण कारकून यांची ही फाटक-वालचंद जोडी रेल्वेची कामे घेऊ लागली. सुरुवात झाली ती बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांपासून. याच बार्शी लाइटचा फाटा पुढे १९२७ साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत आला. त्या डबड्या गाडीतून आषाढीला गेलेली माणसे आमच्या घरात होती.

मग कामे वाढत गेली. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, मुंबईला तानसाचे पाणी आणणारी नळयोजना, टाटांच्या बांधकाम कंपनीशी भागीदारी, १९२६ साली सिमेंटचे नळ करणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनी. एखाद्याने इथेच थांबून बंगला बांधला असता. वालचंदांच्या डोक्यात मात्र मधल्या काळात एक बोट शिरली होती.

ती हकीकत मोठी गमतीची आहे. १९१९ साली दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीत त्यांची एका इंग्रज जहाज-तज्ज्ञाशी गाठ पडली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धात इस्पितळ-बोट म्हणून घेतलेली एक बोट विकायला होती आणि हा गृहस्थ ती पाहायला निघाला होता. गाडी मुंबईला पोहोचेपर्यंत वालचंदांचा विचार ठरला. नरोत्तम मोरारजी वगैरे मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी ती बोट विकत घेतली. बोट काही नवी नव्हती. १८९० साली पाण्यात उतरलेली, कॅनडाच्या कंपनीसाठी प्रशांत महासागर तुडवून आलेली. तिचे नाव होते लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ रोजी ती उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाली. त्याच वर्षी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो या प्रवासाची आठवण म्हणून. लॉयल्टीचे पुढे काय झाले? चारच वर्षांनी, १९२३ मध्ये, ती मोडीत निघाली. पण कंपनी राहिली.

कंपनी राहिली हे सोपे नव्हते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर इंग्रज आगबोट कंपन्यांची मक्तेदारी होती. कोणी देशी माणसाने बोट घातली की त्या भाड्याचे दर इतके पाडायच्या की नव्याचे दिवाळे निघावे. तो बुडाला की दर पुन्हा वर. खुद्द जमशेटजी टाटांना याच तडाख्याने माघार घ्यावी लागली होती. तुतिकोरिनला १९०६ साली चिदंबरम पिळ्ळै यांनी काढलेली स्वदेशी बोट कंपनी अशीच संपली आणि पिळ्ळैंच्या वाट्याला तुरुंग आला. सिंदियावरही हाच वरवंटा फिरला. १९२३ साली कंपनीला जो दहा वर्षांचा करार करावा लागला त्यात तिने किती बोटी ठेवाव्यात आणि कोणत्या मार्गाने जावे हे समोरच्यांनी ठरवले. वालचंदांना तो करार जिव्हारी लागला. पण एकाएकी मोडून पडण्यापेक्षा दबून तग धरणे त्यांनी पत्करले. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर ते अध्यक्ष झाले आणि एकच मागणी लावून धरली: देशाच्या किनाऱ्यावरची वाहतूक देशी बोटींना राखून ठेवा. त्यासाठी १९२८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारी विरोध पत्करून विधेयकही आले होते. ते तडीस गेले नाही. ही मागणी मान्य व्हायला स्वातंत्र्य यावे लागले.

या मागणीला तेव्हा एक शब्द होता: संरक्षण. माझ्या नातवाच्या हौद्याचा आणि या बोटींचा संबंध इथे येतो. पण त्याकडे मागाहून वळतो.

१९३० नंतरची वीस वर्षे म्हणजे वालचंदांच्या आयुष्यातला झंझावात. नाशिक जिल्ह्यात रावळगावला आणि इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर त्यांनी साखर कारखाने उभारले. कळंबचे वालचंदनगर झाले. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना प्रशांत महासागरावरच्या विमानात त्यांना विल्यम पॉली हा विमाने बनवणारा अमेरिकन भेटला. आगगाडीत बोट सापडली होती, विमानात विमानाचा कारखाना सापडला! डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. दीड वर्षाच्या आत, १९४२ मध्ये, युद्धाच्या निकडीपायी सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजचे हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ते हेच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणला त्यांच्या जहाज कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. १९४८ च्या मार्चमध्ये तिथली जलउषा ही बोट पंडित नेहरूंनी पाण्यात सोडली. १९५२ साली तोही कारखाना बहुतांशी सरकारकडे गेला. लॉयल्टी मोडीत, विमाने सरकारात, जहाजे सरकारात. यातल्या एका जरी गोष्टीने सामान्य माणसाने अंथरूण धरले असते.

मोटारींची कथा याहून लांबलेली. सर विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना आखली, वालचंद तिच्यामागे उभे राहिले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. १९३७ च्या मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सहानुभूती होती, तर ते मंत्रिमंडळच १९३९ मध्ये बाहेर पडले. युद्धकाळात मध्यवर्ती सरकारने दाद दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, फार्गो ही नावे मागच्या पिढीच्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या तोंडी असत. बॉनेट क्रायस्लरचे, जुळणी कुर्ल्याची, आणि हौदा बहुधा गावच्या सुताराचा. मामांच्या गाडीचाही तसाच.

साताऱ्याशी वालचंदांचा धागा जुळला तो याच सुमारास. कोरेगावजवळ सातारा रोड स्टेशनपाशी धनजीशा कूपर यांनी १९२२ साली लोखंडी नांगरांचा कारखाना काढला होता. त्याच्या उभारणीच्या दिवसांत कर्मवीर भाऊराव पाटीलही कूपरांबरोबर होते. पुढे तिथे डिझेल इंजिनेही होऊ लागली. हेच कूपर १९३७ साली मुंबई इलाख्याचे काही महिने मुख्यमंत्री होते. १९४० मध्ये हा कारखाना वालचंदांनी घेतला. तेव्हा मामांच्या फार्गोत त्या कारखान्याचे नांगर आणि इंजिने चढत असतील, तर एकाच माणसाची एक वस्तू दुसरीच्या पाठीवर बसून जात होती! सांगलीचा धागा त्यांच्या मागे जुळला. धोंडुमामा साठे यांनी १९४७ साली इथे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. १९५५ मध्ये त्याला वालचंदांचे नाव मिळाले. ते पाहायला वालचंद नव्हते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. पत्नी कस्तुरबाई अखेरपर्यंत शुश्रूषेला होत्या. मागे मूल नव्हते. कारखाने होते, ते भावांनी चालवले.

एवढे ऐकून नातवाने मला अडवले. मग हा माणूस देवच म्हणायचा का? नाही म्हणायचा. वालचंदनगरचा ऊस ज्या जमिनींवर उभा राहिला त्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या होत्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने त्या कारखान्यांकडून गेल्या, पण मूळ मालकांकडे न जाता शेती महामंडळाकडे गेल्या, आणि खंडकऱ्यांना आपल्या जमिनीसाठी पिढ्या घालवाव्या लागल्या. हे वालचंदांच्या पश्चात घडले. तरी त्यांच्या उसाच्या हिशेबात ही बाजूही मांडली पाहिजे. कादंबरीकाराला नायक गोमटा करण्याचा मोह होतो. जुन्या बँकवाल्याला मात्र नावेची बाजू कोरी ठेवता येत नाही.

आता त्या शब्दाकडे येतो. संरक्षण. वालचंद ज्या संरक्षणासाठी झगडले ते नसते तर सिंदियाचीही तुतिकोरिनच्या कंपनीसारखी गत झाली असती, याबद्दल शंका नको. नव्या फळीवर पहिल्याच दिवशी लोखंडाचे गठ्ठे ओढले तर ती फुटणारच. स्वातंत्र्यानंतर मोटार उद्योगाला ते संरक्षण भरभरून मिळाले. बाहेरच्या गाड्यांची आयात रोखली गेली. ज्या परदेशी कंपन्या इथे नुसती जुळणी करत होत्या त्यांना १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळावा लागला. प्रीमियरने फियाटशी करार केला आणि त्यातून पुढे जी गाडी आली तिला १९७४ पासून पद्मिनी म्हणू लागले. चांगली, घरंदाज गाडी. पण नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारे गिऱ्हाईक दारात उभे असले की कारखानदाराला बदलायची घाई राहत नाही. १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर दारे उघडली, आणि २००० च्या आसपास पद्मिनी थांबली. रबर उचलले तेव्हा खाली काय झाले होते ते दिसले. अस्तर घालणे चुकले नव्हते. ते खिळ्यांनी ठोकून चाळीस वर्षे उचलूनच पाहिले नाही, हे चुकले.

मिस्त्रींनी हीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगितली. ओरखडा हा काही हौद्याचा शत्रू नव्हे. ओरखडा रंगातून आणि अस्तराच्या हातातून पार पत्र्यापर्यंत गेला आणि तिथे पाणी बसले, की खरे दुखणे सुरू होते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो आणि आजूबाजूचा चांगला रंगही उचलतो. उघडा ओरखडा दिसतो, म्हणून माणूस त्यावर इलाज करतो: तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासायचे, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, वर रंग. झाकलेला ओरखडा दिसत नाही. कडक प्लास्टिकचा तयार ट्रे नुसता ठेवला, तर त्याखाली वाळू शिरते आणि गाडीच्या हादऱ्यांनी ती सँडपेपरसारखी रंग खाते. फवारायचा लेप पत्र्याला घट्ट धरतो, रोज माल वाहणाऱ्या नव्या पोलादी हौद्याला तो चांगलाच; पण खाली कणभर गंज राहिला तर तोही आत कोंडला जातो, आणि लाकडावर तर तो नकोच. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लेप तडकतो, पाणी आत जाते, बाहेर येत नाही.

हे ऐकताना मला माझीच एक फाईल आठवली. १९९० च्या आसपास सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे काम पाहत होतो. एका कारखान्यातला तरुण टर्नर लेथ घेण्यासाठी कर्ज मागायला आला. पंपाचे सुटे भाग करीन म्हणत होता. हात कसबी होते, बोलण्यात खोट नव्हती. मी जामीनदार मागितला, त्याने आणला. मी दुसरा मागितला. तोही आणला. मग मी जमिनीचा उतारा मागितला. त्याच्याकडे जमीन नव्हती. सगळे नियमाला धरूनच होते. नियमात राहून कर्ज देताही आले असते, हे तेव्हाही मला कळत होते. तो पुन्हा आला नाही. निवृत्त झालो तेव्हा माझ्या कारकिर्दीत बुडीत कर्जे जवळजवळ नाहीत म्हणून निरोप समारंभात माझे कौतुक झाले, हार घातले गेले. वालचंदांवर कादंबरी लिहावी असे कितीतरी वर्षे मनात होते. टिपणे काढली, पण लिहिता आली नाही. का आली नाही ते त्या कुजक्या फळ्या पाहताना कळले. त्यांच्या हौद्यावर जागोजागी ओरखडे आहेत. माझा मी रबर ठोकून जपला.

नातवाला हे सांगितले. तो काही बोलला नाही. मिस्त्रींना पान्हे देत राहिला.

मग हौद्याचे काम सुरू झाले. कुजलेल्या चॅनेली बदलल्या, राहिलेल्या घासून रंगवल्या, खालची, न दिसणारी बाजू आधी. फळ्या पुन्हा सागवानीच घेतल्या. त्या काळच्या अमेरिकन पिकअपना एक युक्ती असे, ती मिस्त्रींना ठाऊक होती: फळ्या लांबीच्या दिशेने बसवायच्या, दोन फळ्यांमध्ये थोडी फट ठेवायची, आणि त्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या बोल्टाने आवळायच्या. जड माल सरकतो तो पट्ट्यांवरून, लाकडावरून नाही. लाकूड फुगायला जागा राहते, पाणी फटीतून निघून जाते. फळ्यांना चारही अंगांनी आणि कापलेल्या टोकांना जवसाचे तेल तीन वेळा पाजले. प्रत्येक हात पुरता वाळू दिला. जळके इंजिन ऑइल फासावे असे कोणी सुचवले. पण त्याचा डाग आणि वास मालाला लागतो, म्हणून ते नको म्हटले. रबर घेतले, पण सुटे. माल चढवताना अंथरायचे, उतरला की गुंडाळून ठेवायचे. मामांची पट्टी, ती ओरखडलेली हातभर लांबीची फळी, नातवाने फेकू दिली नाही. साफ करून, तेल पाजून फाळक्यापाशी होती तिथेच बसवली.

दिवाळीनंतर गाडी चालू झाली, कागदपत्रे नवी करून घेतली, आणि पहिली फेरी कोरेगावची झाली. मी शेजारी बसलो होतो. कराड, रहिमतपूर करीत आम्ही गेलो. सातारा रोडला स्टेशनपाशी नातवाने न सांगता गाडी थांबवली आणि कारखान्याच्या दिशेने बराच वेळ पाहत राहिला. वाड्यात माझ्या वाटणीला मामींचे जाते आले होते, आणि शेडच्या कोपऱ्यात मातीत रुतलेला एक जुना लोखंडी नांगर होता. दोन्ही हौद्यात चढवले, खाली रबर अंथरले, दोरांनी बांधले. हलणारा माल जितके ओरबाडतो तितके उचलून ठेवताना लागत नाही, हे आता नातूच मला सांगत होता.

आष्ट्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी उसळली आणि मागे खडकन आवाज झाला. सांगलीला येऊन पाहतो तो एक दोर ढिला झालेला, आणि नांगराचा फाळ रबर सोडून कडेच्या नव्या कोऱ्या फळीवरून वीतभर घसरलेला. पांढरा, खोल ओरखडा. मला वाटले पोरगा आता हळहळणार. त्याने वाकून त्यावरून बोट फिरवले, नांगर उतरवून घेतला, रबर काढून उन्हात टाकले, आणि आत जाऊन जवसाच्या तेलाची बाटली आणि चिंधी घेऊन आला.